शाळेचा ग्रुप : नुसते ऐकायचे की बोलायचेही?



ह्या सदरात एरवी आपण नागलीच्या वाणाविषयी, भाताच्या करप्याविषयी, नाहीतर खुरासणीच्या पेरणीविषयी बोलतो. आजचा विषय शाळेचा आहे. तो माझ्या खात्याचा नाही हे मला ठाऊक आहे. पण गेली काही वर्षे पेठ तालुक्यात कुठल्याही पाड्यावर जाणे झाले, की शिवारातले बोलणे आटोपून ओट्यावर टेकताच कोणीतरी खिशातून मोबाईल काढतो आणि विचारतो, "साहेब, हे शाळेचे रोज काय काय येते. पोरगी म्हणते अभ्यास आहे. खरेच अभ्यास असतो का हा, की नुसता रिचार्ज जळतो?"

प्रश्न रास्त आहे. त्याला एका शब्दात उत्तर देणारा माणूस एकतर मोबाईल विकणारा असावा, नाहीतर त्याने अलीकडे शाळा पाहिलेली नसावी. तेव्हा जरा सविस्तर बोलू.

आधी हे साधन काय आहे ते पाहू. वर्गातल्या पालकांचे नंबर घेऊन गुरुजी व्हॉट्सॲपवर ग्रुप करतात आणि त्यावर पाठ, गणिते, सूचना पाठवतात. पाठ्यपुस्तकाच्या पानावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन छापलेला असतो, त्याला क्यूआर कोड म्हणतात. त्यावर मोबाईल धरला की 'दीक्षा' ॲपमधून त्या धड्याची चित्रफीत उघडते. मोठ्या वर्गांना कधी एकच तक्ता मोबाईलवर देतात. दहा मुलांनी दहा घरी बसून तो मिळून भरायचा आणि एकाने भरलेले बाकीच्यांना तिथल्या तिथे दिसायचे. आणि काही गुरुजी आपल्या वर्गाचे दूरच्या एखाद्या शाळेतल्या वर्गाशी पडद्यावर समोरासमोर बोलणे घडवून आणतात.

ह्या कामात नाव झालेला शिक्षक आपल्या खेड्यापाड्यातलाच आहे. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात परितेवाडी नावाची लहानशी वस्ती आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना असे कोड जोडून शिकवायला सुरुवात केली. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही ते आले. डिसेंबर २०२० मध्ये डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. रक्कम होती दहा लाख डॉलर. त्यांनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे जाहीर केले. वर्तमानपत्रांत तेव्हा पैशाची आणि कोडची चर्चा फार झाली. मला मात्र त्यांचे दुसरे काम मोठे वाटते. ज्या देशांचे आपसात पटत नाही, भारत आणि पाकिस्तान, इस्रायल आणि पॅलेस्टाईन, अशा देशांतल्या मुलांना त्यांनी मोबाईल-संगणकावरून एकमेकांशी बोलते केले. मुलांनी विचारायचे, मुलांनीच उत्तर द्यायचे. बाजूला बसलेल्या गुरुजींनी दोर सांभाळायचा.

आपल्या शेजारचेही एक उदाहरण सांगतो. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हिवाळी गावची जिल्हा परिषद शाळा तुमच्यापैकी पुष्कळांनी मोबाईलवर पाहिली असेल. केशव गावित गुरुजींची मुले दोन्ही हातांनी लिहितात, मोठमोठे पाढे म्हणतात, राज्यघटनेची कलमे सांगतात. त्या चित्रफिती लाखो लोकांनी पाहिल्या. पण ती मुले चित्रफीत पाहून तयार झालेली नाहीत. शाळेला सुट्टी न देता गुरुजी वर्षभर त्यांच्यासोबत बसले, म्हणून ती तयार झाली. मोबाईलने त्या शाळेचे नाव सगळीकडे नेले. शिक्षण मात्र आधी वर्गात झाले होते. हा फरक ध्यानात ठेवा, कारण पुढचे सगळे बोलणे त्यावरच आहे.

ग्रुपचा सुळसुळाट झाला तो करोनाच्या काळात. मार्च २०२० मध्ये शाळांना कुलुपे लागली. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने रोजची अभ्यासमाला तयार करून शिक्षकांच्या ग्रुपमार्फत पाठवायला सुरुवात केली. तिथून ती पालकांच्या मोबाईलवर उतरू लागली. पुढे त्याच मोबाईलवर प्रश्न सोडवण्याची 'स्वाध्याय' योजनाही आली. पण रानातल्या पाड्यावर रेंज कुठली? पेठची स्थिती मी काय सांगावी? सावळ घाट चढून आले की मोबाईलच्या काड्या किती उरतात हे तुम्ही रोज पाहता. एखाद्या टेकाडावर, एखाद्या आंब्याखाली रेंज मिळते आणि तिथे पोरांची गर्दी जमते, हे दृश्य त्या वर्षी पाड्यापाड्यावर होते. 'असर' ही देशभरच्या ग्रामीण भागाची पाहणी निघते. तिच्याप्रमाणे शाळकरी मुलांच्या घरांत स्मार्टफोन असण्याचे प्रमाण २०१८ मध्ये शेकडा ३६.५ होते, ते २०२० मध्ये ६१.८ झाले. म्हणजे लोकांनी पोटाला चिमटा काढून फोन घेतले. तरीसुद्धा पाहणीच्या आठवड्यात शाळेकडून काही अभ्यास मिळालेली मुले साधारण तिघांत एक एवढीच निघाली.

तेव्हा काही जाणत्या लोकांनी मोबाईलची वाट पाहिली नाही. नाशिकच्या रेडिओ विश्वास ह्या सामुदायिक केंद्राने जून २०२० पासून शाळेचे पाठ रेडिओवरून ऐकवले. जिल्ह्यातल्या शिक्षकांनी ते आपल्या आवाजात ध्वनिमुद्रित केले होते. त्या कार्यक्रमाला पुढे राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. अशा केंद्राचा आवाका शहराभोवतीच्या टापूपुरता असतो, त्यामुळे पेठच्या डोंगरात त्याचा आवाज नीटसा आला नसेल. त्र्यंबकच्या पलीकडे पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यात तर त्याहून साधा उपाय झाला. दांडवळ आणि आसपासच्या गावांत एका स्वयंसेवी संस्थेने 'बोलकी शाळा' सुरू केली. पाठ आधी ध्वनिमुद्रित करायचा, भोंग्यावर लावायचा आणि मुलांनी अंगणात दूर दूर बसून ऐकायचा. शेजारी एक माणूस उभा राहून मुलांना विचारी, बोलते करी. आयाही कामे टाकून ऐकायला बसत. भोंगा हे काही नवे यंत्र नव्हे. पण त्याच्याजवळ उभा असलेला तो माणूस, तो महत्त्वाचा.

आता मी तुम्हाला जवळजवळ सत्तर वर्षे मागे नेतो, कारण ही गोष्ट आपल्या कृषिविस्ताराच्या इतिहासातली आहे आणि ती शिक्षकांपेक्षा आम्हा शेतीवाल्यांनी जास्त लक्षात ठेवायला हवी होती. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने 'रेडिओ शेतकरी मंडळ' असा एक प्रयोग केला. त्या वेळच्या मुंबई राज्यातले मराठी बोलणारे पाच जिल्हे निवडले, त्यांत आपला नाशिक जिल्हाही होता. दीडशे गावांत प्रत्येकी वीसेक माणसांचे मंडळ केले. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा शेतीचा कार्यक्रम लागे. तो ऐकायचा, रेडिओ बंद करायचा आणि मग कंदिलाच्या उजेडात बसून त्यावर बोलायचे. आपल्या गावात हे जमेल का? बी कुठून आणायचे? पैसा कोण देणार? जे प्रश्न सुटत नसत ते पुण्याला लिहून पाठवायचे आणि त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमात मिळत.

ह्या प्रयोगाची तपासणी टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल न्यूरॅथ ह्या समाजशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली केली. शहाणपणाची गोष्ट अशी, की मंडळाच्या गावांबरोबर त्यांनी दुसरीही गावे तपासली. काही गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, आणि काही गावांत दोन्ही नव्हते. निष्कर्ष काय निघाला? जिथे मंडळ बसत होते तिथे लोकांची माहिती भरपूर वाढली. जिथे नुसता रेडिओ वाजत होता तिथे थोडीशीच भर पडली. कार्यक्रम तोच आणि सांगणारा आवाजही तोच. फरक होता तो रेडिओ बंद झाल्यानंतरच्या बोलण्याचा.

तुमच्या मोबाईलवरच्या शाळेच्या ग्रुपला हाच गज लावून पाहा. गुरुजी सकाळी चार चित्रफिती पाठवतात, पालक अंगठा दाखवतात, संध्याकाळी दुसऱ्या चार येतात, मध्ये कोणीतरी 'शुभ सकाळ'चा गुलाब टाकतो. हा झाला नुसता वाजणारा रेडिओ. जमिनीला वाफसा नसताना फेकलेल्या बियाण्यासारखे ते आहे. पोते रिकामे झाले म्हणून पेरणी झाली असे कोणी म्हणत नाही. उलट एखाद्या शाळेत बाई एकच गणित पाठवतात आणि सांगतात, "सोडवून वहीचा फोटो पाठवा. पुसून पुन्हा लिहू नका, चुकले असेल तर चुकलेलेच पाठवा." अशा फोटोवरून बाईंना कळते की मुलगी वजाबाकीत हातचा घ्यायला विसरते. दुसऱ्या दिवशी वर्गात त्या तेवढीच एक गोष्ट तिला पाटीवर दाखवतात. हे मंडळ झाले. इथे निरोप जातो आणि परतही येतो.

आम्ही शेतीतही हेच करतो. मक्यावर लष्करी अळी २०१८ मध्ये महाराष्ट्रात आली, तेव्हापासून शेतकरी पानांचे फोटो पाठवू लागले. पुष्कळ फोटो असे असतात की पान हिरवे आहे एवढेच कळते. पोंग्याच्या आतला फोटो हवा, पानाची खालची बाजू हवी, शेत किती बिघडले ते दिसायला हवे. मग सल्ला नेमका देता येतो. वहीच्या फोटोचे तसेच आहे. सुंदर अक्षरात उतरवलेले बरोबर उत्तर गुरुजींच्या उपयोगाचे नाही. पोराची अडचण कुठे आहे ते दिसले पाहिजे. आई-बापांनी पोराच्या वतीने गणित सोडवून फोटो पाठवणे म्हणजे निरोगी झाडाचे पान तोडून तपासणीला देणे होय.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. आपली पोरे घरात कोकणा बोलतात आणि पुस्तक प्रमाण मराठीत असते. पहिली-दुसरीच्या लेकराला चित्रफितीतली बाई काय म्हणते तेच कळत नाही. इथे व्हॉट्सॲपचा आवाजी निरोप फार कामाचा आहे. गुरुजींना कोकणा येत नसेल तर पाड्यावरच्या शिकलेल्या पोराने किंवा अंगणवाडीच्या ताईने तीच गोष्ट आपल्या बोलीत दोन मिनिटांत सांगून पाठवावी. आजीनेही सांगावी. बियाणे जपण्याची, राब भाजण्याची, जुन्या दुष्काळाची गोष्ट आजीच्या आवाजात वर्गापर्यंत गेली तर तोही धडाच आहे. शिवाय आवाजी निरोपाला चित्रफितीच्या मानाने डेटा फारच थोडा लागतो आणि रेंज अर्धवट असली तरी तो हळूहळू उतरतो. रिचार्जची चिंता करणाऱ्यांनी गुरुजींना एवढेच सांगावे, की चित्रफीत शाळेतच सगळ्यांना मिळून दाखवा आणि घरी आवाज पाठवा.

मोबाईलवरच्या सामायिक तक्त्याविषयी मला एक सुचवायचे आहे. आपल्याकडे पाऊस पाड्यापाड्याला बदलतो. करंजाळीला कोसळतो तेव्हा जोगमोडीला रिमझिम असते. शासनाच्या 'महावेध' प्रकल्पात महसूल मंडळाला एक स्वयंचलित हवामान केंद्र आहे, पण एका मंडळात डोंगर किती आणि खोरी किती! शाळांनी हे काम हाती घ्यावे. सरळ उभ्या बाजूंची मोठी प्लास्टिकची बाटली घ्यावी. तिचा वरचा निमुळता भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवावा. बूड ओबडधोबड असते म्हणून तळाशी खडे टाकून थोडे पाणी घालावे आणि त्या पातळीला शून्याची खूण करावी. बाजूला मोजपट्टी चिकटवावी. झाडापासून आणि पत्र्याच्या पागोळीपासून दूर, उघड्यावर ती घट्ट रोवून ठेवावी. रोज सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान खाते मोजते त्याच वेळेला, आकडा घ्यावा आणि पाणी पुन्हा शून्याच्या खुणेवर आणावे. दहा शाळांनी एकाच तक्त्यात आपापला आकडा टाकला की सातवीतल्या पोराला सगळ्या तालुक्याचा पाऊस एका नजरेत दिसेल. मग गणित करायला सांगा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एकरावर ते सुमारे चार हजार लिटर होते. काल साठ मिलिमीटर पडला तर आपल्या एकरावर किती पाणी आले, आणि त्यातले बांध नसल्यामुळे किती वाहून गेले असेल? ह्या गणिताला कुठल्याही कोडची गरज नाही, आणि बापालाही ते ऐकावेसे वाटेल. भातावर फवारणी केव्हा करावी हे ठरवताना ते आकडे माझ्याही उपयोगाचे आहेत, हा माझा स्वार्थ.

आता घरात फोन कोणाच्या हातात असतो ते बोलू. ह्याविषयी घरात मोकळेपणाने बोलणे होत नाही. बाप सकाळी फोन खिशात घालून बाहेर पडतो आणि रात्री येतो. घरी आला की आधी मुलाच्या हातात फोन जातो आणि पोरगी चुलीशी असते. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांना विचारले. शेकडा ८२ जणांना स्मार्टफोन वापरता येतो असे आढळले. ज्यांना येतो त्यांच्यापैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे शेकडा ३६ आणि मुली शेकडा २७. मागच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारे ५७ टक्के होते आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के. हे आकडे देशभरचे आहेत, पण आपल्या ओट्यावर बसून पाहिले तर निराळे काही दिसणार नाही. म्हणून घरात वेळ ठरवा. दिवेलागणीनंतर अर्धा तास फोन अभ्यासाचा, आधी मुलीचा आणि मग मुलाचा, आणि तोही ओट्यावर सगळ्यांच्या देखत. ज्यांच्या घरी फोन नाही त्या शेजारच्या लेकरांनाही बोलवा. पाच पोरे एका फोनभोवती बसली तर उलट बरे. १९५६ चे मंडळ आठवा.

धोकेही सांगितले पाहिजेत. व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम वापरायला ह्या कंपन्यांच्याच नियमाने वय तेरा पूर्ण हवे. तेव्हा प्राथमिक वर्गाच्या ग्रुपवर नंबर पालकाचा असावा, पोराचा नव्हे. लेकरांचे फोटो, नाव आणि गाव घालून फेसबुकवर किंवा यूट्यूबवर टाकण्याची काही ठिकाणी हौस असते. शाळेचे कौतुक व्हावे ही भावना असते, पण तुम्हाला विचारल्याशिवाय ते होऊ नये. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हे तत्त्व मान्य केले आहे. आधार कार्डाचा किंवा बँक पासबुकाचा फोटो ग्रुपवर टाकू नका. शिष्यवृत्तीसाठी लागत असेल तर शाळेत जाऊन हातात द्या. आणि ग्रुपवर पीएम किसानच्या नावाने एखादी फाईल आली तर ती उघडू नका. अशा खोट्या ॲपनी शेतकऱ्यांची खाती रिकामी केल्याच्या तक्रारी आलेल्या आहेत. ज्या फोनवर पोरगी गणित सोडवते त्याच फोनवर तुमचे बँकेचे निरोप येतात. फसवणूक झालीच तर क्षणभरही न थांबता १९३० ह्या नंबरवर कळवावे.

बाहेरच्या जगातही सावधपणा वाढला आहे. स्वीडनने २०२३ पासून लहान वर्गांत पुन्हा छापील पुस्तकांवर भर द्यायला सुरुवात केली. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते उघडायला बंदी केली. ते श्रीमंत देश आहेत, त्यांच्या शाळांत पडदे आधीच भिंतीभिंतीला आहेत. आपल्याकडे कुठे वीज नाही, कुठे वर्गावर गुरुजी एकच. त्यांची बंदी जशीच्या तशी उचलण्याचे कारण नाही. पण त्यांनी मागे वळून पाहिले ह्याची नोंद असावी.

गुरुजींच्या बाजूनेही बोलले पाहिजे. त्यांच्याकडे शिकवण्याचे ग्रुप दोन आणि वरून माहिती मागणारे ग्रुप दहा, अशी स्थिती आहे. हा तक्ता भरा, तो फोटो पाठवा, आजच्या आज लिंक उघडा. २०२३ मध्ये राज्यातले शिक्षक 'आम्हाला शिकवू द्या' म्हणत रस्त्यावर आले होते ते ह्यासाठीच. वर्गात गुरुजी मोबाईलमध्ये डोके घालून बसलेले दिसले तर लगेच आवाज चढवू नका. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ह्या समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. सह्या करून चहा पिऊन उठायची ती बैठक नाही. तिथे विचारावे, की आठवड्यात ग्रुपवरून किती मुलांनी उलट प्रश्न विचारले? ज्यांच्याकडे फोन नाही ती पाच-सहा मुले कोणाच्या घरी बसतात? ग्रुपवर फक्त गुरुजींनाच लिहिता येते की पालकांनाही? गुलाब आणि राजकारण येऊ नये म्हणून पुष्कळ ठिकाणी पालकांचे लिहिणे बंद ठेवतात. मग निदान आठवड्यातून एक संध्याकाळ ते उघडे ठेवावे.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळे लिहायला बसलो तिच्याकडे येतो. भात-नागलीचे खळे उरकले की आपल्या कितीतरी पाड्यांवर दारांना कड्या लागतात. माणसे जगायला बाहेर पडतात. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत विरळणी, डिपिंग, मग काढणी, कोणी नाशिकला बांधकामावर. म्हातारी माणसे घरी असतील तर पोरे मागे राहतात. नसतील तर टोळीबरोबर जातात. चार महिन्यांनी परत येतात तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. चौथीतले लेकरू तिसरीचेही विसरलेले असते, वर्गात मागे बसते आणि पुढच्या वर्षी बागेत हाताखाली कामाला लागते. शाळा सुटते ती अशी, गाजावाजा न होता.

ह्या चार महिन्यांत मोबाईल खरोखर उपयोगी पडू शकतो, आणि हे रेडिओला जमले नसते. दिंडोरी-निफाडकडे रेंजची अडचण आपल्याइतकी नाही आणि बाप तर सोबत असतोच. गुरुजींनी रोज नव्हे, आठवड्यातून तीन दिवस एक छोटा आवाजी निरोप आणि एक गणित टोळीबरोबर गेलेल्या मुलांना नाव घेऊन पाठवावे. नाव घेऊन, हे महत्त्वाचे. सगळ्यांना पाठवलेला निरोप कोणालाच पाठवलेला नसतो. लेकराने रात्री पालावर बसून वहीचा फोटो परत करावा. आणखी एक करता येईल. आपल्या वर्गाचे आणि निफाडकडच्या एखाद्या वर्गाचे महिन्यातून एकदा पडद्यावर बोलणे व्हावे. आपल्या मुलांनी नागलीची भाकरी आणि राब कसा भाजतात ते सांगावे, तिकडच्यांनी गोडी छाटणी आणि खरड छाटणी सांगावी. मग बागायतदाराच्या पोराला कळेल की बागेत काम करणाऱ्या बाईची मुलगीही पाचवीत आहे, आणि तिला त्याच्यापेक्षा जास्त पाढे येतात.

पण फोनवरचा अभ्यास म्हणजे शाळा नव्हे. जिथे जाल तिथल्या शाळेत लेकराला बसवायचेच आहे. निघण्यापूर्वी गुरुजींकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. दाखला हातात नाही म्हणून कुठल्याही सरकारी शाळेला प्रवेश अडवता येत नाही, हे त्याच २००९ च्या कायद्यात आहे. पाठ्यपुस्तके आणि वही-पेन्सिल पोत्यात तळाशी नको, वर ठेवा. आणि टोळीच्या गाडीत बसण्याआधी बागेच्या मालकाचे नाव, गाव, मुकादमाचा नंबर आणि तुमचा चालू असलेला नंबर गुरुजींच्या वहीत लिहून द्या. रिचार्ज संपून नंबर बदलला तर नवा नंबर पहिल्यांदा शाळेला कळवा, सोयऱ्यांना मागाहून.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी, पेठ